काही न करण्याची आठ मिनिटं

मिरजेला रुग्ण फक्त सांगली जिल्ह्यातून येत नाहीत. जत-आटपाडीबरोबर पलीकडचे अथणी, विजापूरचेही येतात. त्यामुळे एमआरआयच्या टेबलावर पडलेल्या माणसाला काय करायचं ते समजावणं, हे आम्हा रेडिओलॉजीवाल्यांचं निम्मं काम.

त्या दिवशी आलेले अण्णा तासगाव तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. वय पंचेचाळिशीचं. उजव्या हाताला झटके येऊ लागले म्हणून तपासणी झाली आणि मेंदूच्या डाव्या भागात गाठ निघाली. आमच्याकडे येईपर्यंत बोलणं गेलं होतं आणि हातातली ताकदही कमी झाली होती. सर्जनना एकच गोष्ट हवी होती: हात चालवणारी जागा गाठीच्या नेमकी कुठल्या बाजूला आहे? निरोगी मेंदूत त्या जागी उलट्या ओमेगासारखा एक वळसा दिसतो. अण्णांच्या उजव्या बाजूला तो स्वच्छ होता, डावीकडे सुजेत पार पुसून गेला होता.

अशा वेळी आम्ही फंक्शनल एमआरआय करतो. थोडा वेळ बोटं अंगठ्याला टेकवायची, थोडा वेळ थांबायचं, पुन्हा टेकवायची. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे ताजं रक्त गरजेपेक्षा जास्त धावतं. ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन चुंबकाच्या क्षेत्रात गडबड करतं. ते कमी झालं की तिथला सिग्नल किंचित वाढतो. जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये हे दाखवून दिलं आणि ही सगळी शाखा त्यावर उभी राहिली.

अण्णांनी जीव तोडून प्रयत्न केला. बोटं उचलेनात, म्हणून त्यांनी खांदा उचलला आणि खांद्याबरोबर डोकं हललं. एवढ्यानं चित्रं वाया जातात. त्यांच्या चेहऱ्यावरची शरम मला बघवेना. हा पहाटे उठून बागेत फिरणारा, छाटणीच्या कात्रीवर संसार उभा केलेला माणूस, आणि आम्ही त्याला बोट हलवायला सांगत होतो.

मी बाहेर येऊन अण्णांच्या पत्नीला, वहिनींना, सांगितलं, "आता त्यांनी काहीच करायचं नाही. डोळे उघडे ठेवून शांत पडून राहायचं. आठ मिनिटं."

"नुसतं पडून ऱ्हायल्यावर त्यात काय दिसायचं, डॉक्टरबाई?"

प्रश्न रास्त होता. मी विचारलं, "दोन वस्त्यांवरची लाईट कायम एकदमच जाते आणि एकदमच येते, तर तुम्ही काय म्हणाल?"

"एकाच डीपीवर हायती म्हणायचं."

रेस्टिंग स्टेटचं, म्हणजे स्वस्थ पडलेल्या माणसाच्या फंक्शनल एमआरआयचं, तत्त्व याहून सोपं मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. माणूस स्वस्थ पडलेला असतानाही मेंदूतल्या प्रत्येक भागाचा सिग्नल संथपणे वर-खाली होत असतो; एक लाट पुरी व्हायला दहा सेकंदांहून जास्त वेळ लागतो. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी इथं भरत बिस्वाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की हात स्थिर असतानाही डाव्या आणि उजव्या बाजूच्या हालचालीच्या भागांमधल्या या लाटा एकमेकींशी जुळलेल्या असतात. तेव्हा अनेकांना तो श्वासाचा आणि नाडीचा गोंगाट वाटला. पण मेंदूचा हिशेबच तसा आहे: वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, ऊर्जा खातो सुमारे २० टक्के, आणि एखादं काम सांगितलं तर खर्चात भर पडते ती ५ टक्क्यांहूनही कमी. बाकीचा खर्च अखंड चालूच असतो.

अण्णा पडून राहिले. मशीन धडधडत होतं, दर दोन सेकंदांला अख्ख्या मेंदूचा एक संच, एकूण २४० संच. डोकं तसूभर हललं नाही. सांगितलेलं काम आपल्याला जमतंय हे त्यांनाही कळत होतं, असं मला वाटतं.

यातून लगेच काही दिसत नाही. डोक्याच्या बारीक हालचाली दुरुस्त करायच्या, मेंदूभोवतीच्या पाण्यातला सिग्नल वजा करायचा, संथ लाटा तेवढ्या ठेवायच्या. मग मी त्यांच्या निरोगी उजव्या बाजूच्या वळशावर खूण केली आणि संगणकाला विचारलं, हिच्याबरोबर आणखी कोण वर-खाली होतंय? डावीकडे, गाठीच्या मागच्या काठाला लागून, नेहमीच्या जागेपासून बरंच मागे ढकललेला एक पट्टा उजळला. बोट न हलवता त्या माणसानं आपल्या हाताचा पत्ता दिला होता. मी खुर्चीतून उठून टेक्निशियनला बोलावलं, कारण हे एकटीनं बघण्यासारखं नव्हतं.

सर्जनना चित्र देताना मी बजावलं, की गाठीजवळच्या रक्तवाहिन्यांची शिस्त बिघडलेली असते. जिथे रंग नाही तिथे काम नाही, असं समजू नका. तेही नुसत्या चित्रावर विसंबले नाहीत. कवटी उघडल्यावर विजेच्या सौम्य उत्तेजनानं त्यांनी जागा पडताळली. हात हलला तो त्याच मागच्या पट्ट्यावर. तेवढा भाग त्यांनी सोडला, गाठीची एक कडा मागे ठेवून.

काही महिन्यांनी अण्णा पुन्हा स्कॅनला आले. बोलणं अजून तुटक होतं, पण माझा हात त्यांनी घट्ट दाबला. कात्री पेलते का, विचारलं तर वहिनीच म्हणाल्या, "धरत्यात, पर लौकर दमत्यात." आणि लगेच, "आमच्या सासूबाई लई इसरत्यात. त्यांचीबी ही पडून ऱ्हायची तपासणी करून टाका की."

मी नको म्हटलं. अल्झायमरच्या रुग्णांच्या गटात विश्रांतीच्या वेळी एकत्र चालणाऱ्या मेंदूच्या भागांचं जाळं कमकुवत झालेलं दिसतं, हे संशोधनात २००४ पासून नोंदलेलं आहे. पण गटाची सरासरी वेगळी आणि तासगावच्या एका आजींचा मेंदू वेगळा. एका माणसाच्या अशा चित्रावरून विसरभोळेपणाचं निदान सांगणं मला अप्रामाणिक वाटतं, आणि त्यासाठी त्यांचा पैसाही खर्च होऊ नये. आधी बी-१२ आणि थायरॉइडची रक्ततपासणी, मग मेंदूविकारतज्ज्ञांकडून स्मरणशक्तीची नीट चाचणी, त्यांनी सांगितलं तर साधा एमआरआय, असं मी वहिनींना कागदावर लिहून दिलं.