दिवे मालवणारा डॉन

अमेरिकन फुटबॉलमध्ये पराभवाचं खापर फोडायला एक डोकं कायमचं राखून ठेवलेलं असतं. क्वार्टरबॅकचं. चढाईच्या सुरुवातीला चेंडू त्याच्या हातात येतो, समोरून शंभर-सव्वाशे किलोचे गडी अंगावर धावून येत असतात आणि दोन-तीन सेकंदांत त्याला ठरवायचं असतं की फेकायचा, दुसऱ्याच्या हातात द्यायचा, की स्वतःच घेऊन पळायचं. जमलं तर लोक खांद्यावर घेतात. नाही जमलं तर पन्नास-साठ हजार माणसं एका सुरात हुर्यो उडवतात.

डॅलसकरांनी साठच्या दशकात डॉन मेरेडिथची अशी मनसोक्त हुर्यो उडवली. आज त्याच शहरातली सत्तरी ओलांडलेली माणसं त्याचं नाव निघालं की एकदम खुलतात, घरातल्या लाडक्या काकाबद्दल बोलावं तसं बोलायला लागतात. मधल्या काळात त्याने त्यांना एकही अजिंक्यपद मिळवून दिलेलं नव्हतं. तो नुसता टीव्हीवर समालोचक म्हणून गेला.

मी या भागात राहायला आलो तोवर मेरेडिथ जाऊनही काही वर्षं लोटली होती. त्याची ओळख मला झाली ती केस कापायच्या दुकानात. भिंतीवर डॅलसच्या काउबॉइज संघाचे फोटो ओळीने लावलेले. कोट-टोपीतले प्रशिक्षक टॉम लँड्री, संघाला त्याचा पहिला सुपर बोल, म्हणजे अजिंक्यपदाचा अंतिम सामना, जिंकून देणारा रॉजर स्टॉबाक, तीन सुपर बोल जिंकणारा ट्रॉय एकमन. आणि आरशाच्या अगदी लगत, म्हणजे खुर्चीत बसलं की नजर तिथेच जाईल अशा जागी, १७ नंबरच्या जर्सीतला एक चिखलाने माखलेला, दमलेला गडी. मी विचारलं, हा कोण? म्हाताऱ्या न्हाव्याने माझ्या कानाजवळची कात्री थांबवली आणि उत्तर द्यायचं सोडून चक्क गायला लागला. बेसूर, पण बिनदिक्कत. बाकावर नंबर लावून बसलेल्या दुसऱ्या म्हाताऱ्याने पुढची ओळ उचलली. माझे केस अर्धे तसेच.

गाणं विली नेल्सनचं. दिवे मालवा, मैफल संपली, असा त्याचा आशय. टीव्हीवर दाखवल्या जाणाऱ्या सोमवारी रात्रीच्या सामन्यात एका संघाने दुसऱ्याला पुरतं लोळवलं, की घड्याळात वेळ कितीही शिल्लक असो, मेरेडिथ माइकवर आपल्या टेक्सन हेलात ती ओळ गायचा. लोकांनी समजून घ्यायचं की निकाल लागला, उद्या कामावर जायचंय, झोपा आता. उरलेल्या जाहिराती बघायला प्रेक्षक टिकावेत म्हणून वाहिन्या काय काय आटापिटा करतात! आणि इथे पगारी माणूसच त्यांना अंथरुणाकडे धाडतोय. आजच्या कुठल्या समालोचकाला हे खपवून घेतील, असं मला वाटत नाही.

पण हे गाणं त्याच्याच तोंडी शोभत होतं. त्याचं कारण त्याच्या हरण्यात आहे.

मेरेडिथ पूर्व टेक्सासमधल्या माउंट व्हर्नन या छोट्या गावचा. जन्म १९३८चा. स्वतःचा उल्लेख तो 'जेफ आणि हेझेलचं शेंडेफळ' असा करायचा, तोही देशभर दिसणाऱ्या कार्यक्रमात. कॉलेज डॅलसमध्येच झालं आणि १९६० साली काउबॉइज संघ मैदानात उतरला तेव्हा हाही त्यात होता. पहिल्या हंगामात त्या संघाने बारा सामने खेळून अकरा गमावले, एक बरोबरीत सोडवला. लँड्री म्हणजे शिस्तीचा पुतळा. महायुद्धात बॉम्बफेकी विमानं उडवलेला माणूस. आणि त्याचा क्वार्टरबॅक चढाईच्या आधी खेळाडूंचं कोंडाळं जमलं की त्यात गावरान गाणी म्हणायचा. दोघांचं कसं पटलं असेल, याची कल्पना केलेली बरी. मोडलेलं नाक, तडकलेल्या बरगड्या घेऊन मेरेडिथ खेळला, पण गाणारा माणूस मनापासून खेळत नाही अशी लोकांची समजूत असते. त्यामुळे हुर्यो.

तरी सहा वर्षांत संघ वर आला. १ जानेवारी १९६७, डॅलसचं कॉटन बोल मैदान, समोर ग्रीन बे पॅकर्स. जिंकणारा संघ पहिलावहिला सुपर बोल खेळणार. पॅकर्स ३४, डॅलस २७, शेवटचं मिनिट, आणि चेंडू पॅकर्सच्या गोलरेषेपासून अवघ्या दोन यार्डांवर. चौथा आणि अखेरचा प्रयत्न. मेरेडिथ चेंडू घेऊन उजवीकडे सरकला, पॅकर्सच्या एका धिप्पाड गड्याने त्याला मिठी मारली, तशा अवस्थेत त्याने चेंडू कसाबसा भिरकावला आणि तो नेमका टॉम ब्राउनच्या हातात गेला. ब्राउन पॅकर्सचा.

त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी पुन्हा तोच प्रतिस्पर्धी, पण मैदान ग्रीन बेचं आणि तापमान उणे २५ सेल्सियस. पंचांच्या धातूच्या शिट्ट्या ओठांना चिकटायला लागल्या, तेव्हा त्या बाजूला ठेवून नुसतं ओरडून खेळ थांबवावा लागला. डॅलस १७-१४ने पुढे. जेमतेम सोळा सेकंद उरलेले असताना पॅकर्सचा क्वार्टरबॅक बार्ट स्टार एका यार्डावरून स्वतःच चेंडू घेऊन घुसला. २१-१७. एका सालात, त्याच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवशी, दोनदा उंबरठ्यावरून परत.

त्या दिवशी ड्रेसिंगरूममध्ये फ्रँक गिफर्ड या माजी खेळाडू आणि टीव्ही-समालोचकाने मेरेडिथपुढे माइक धरला. मेरेडिथने सबबी सांगितल्या नाहीत. आपले सहकारी कसे झुंजले, एवढंच तो भरल्या गळ्याने बोलत राहिला. गिफर्डच्या ते मनात राहिलं असावं. कारण १९६९मध्ये, ऐन एकतिसाव्या वर्षी मेरेडिथने खेळ सोडला आणि पुढच्या वर्षी एबीसी वाहिनी सोमवारच्या रात्री फुटबॉल दाखवायच्या तयारीला लागली, तेव्हा त्याचं नाव सुचवलं ते गिफर्डनेच.

२१ सप्टेंबर १९७० रोजी ते सुरू झालं. मेरेडिथच्या शेजारी हॉवर्ड कोसेल. न्यूयॉर्कचा, वकिली शिकलेला, डोक्यावर टोप, तोंडात जडजंबाल शब्द, आणि प्रत्येक वाक्य निकालपत्र वाचल्यासारखं. त्या फुग्याला टाचणी लावायचं काम मेरेडिथचं. कोसेल 'अमुक झालं असतं तर' करायला लागला, की हा म्हणणार, जर-तरची खाऊ-मिठाई झाली असती तर सगळ्यांचाच नाताळ गोड झाला असता. आपण अशा वेळी आत्याबाईच्या मिशा काढतो. गंमत अशी की कोसेलवर लोकांचा जितका राग, तितका मेरेडिथवर लोभ. आणि तरी दोघांपैकी एकटा असता तर कार्यक्रम फिका पडला असता.

म्हाताऱ्यांचा सर्वांत आवडता किस्सा १९७२चा. ह्यूस्टनचं छप्पर असलेलं ॲस्ट्रोडोम. ऑइलर्स घरच्या मैदानावर रेडर्सकडून ३४-० असे भुईसपाट. लोक कधीच घरी गेलेले. कॅमेरा रिकाम्या खुर्च्यांवरून फिरत फिरत एका माणसावर थांबला. आपण टीव्हीवर आहोत हे ध्यानात येताच त्या गृहस्थाने सगळ्या अमेरिकेला मधलं बोट दाखवलं. आता इथे सांगायला हवं की अमेरिकेत संघाचे पाठीराखे पहिलं बोट उंचावून 'आम्हीच एक नंबर' असं मिरवतात. एबीसीच्या कक्षात क्षणभर सगळ्यांची वाचा बसली असणार. मेरेडिथ शांतपणे म्हणाला, त्याच्या मते त्याचा संघ देशात एक नंबर आहे. या प्रसंगातलं मला आवडतं ते हे, की त्याने त्या माणसाला हसण्यावारी नेलं, पण त्याची खिल्ली उडवली नाही. ३४-०नंतरही खुर्ची न सोडणाऱ्याची तडफड त्याला कळत होती. कॉटन बोलमध्ये असेच लोक त्याच्यावर ओरडत होते ना!

पुढे तो मालिकांत दिसला, लिप्टन चहाच्या जाहिरातीत दिसला, तीन वर्षं एनबीसीकडे जाऊन परत आला. १९७६मध्ये काउबॉइजनी त्याचं नाव स्टेडियममधल्या 'रिंग ऑफ ऑनर' या मानाच्या कड्यावर कोरलं आणि ज्यांनी शिव्या दिल्या त्यांनीच टाळ्या वाजवल्या. डॅलसच्या क्वार्टरबॅकने निवृत्तीनंतर माइक धरायचा ही वहिवाटही पडलीच म्हणायची. एकमन आता त्याच सोमवारच्या खुर्चीत बसतो. टोनी रोमो दुसऱ्या वाहिनीवर. रोमो तर चढाई व्हायच्या आधीच ती कशी होणार हे सांगतो. दोघेही हुशार, पडद्यावर बाण-वर्तुळं काढून खेळ उलगडून दाखवणारे. मी त्यांच्याकडूनच हा खेळ शिकलो. पण न्हाव्याला हे पटवून द्यायला जाऊ नये. "शिकायचं कशाला?" तो म्हणतो. "सोमवारी रात्री माणूस दमलेला असतो."

जानेवारी १९८५च्या सुपर बोलनंतर मेरेडिथने माइक ठेवला तो ठेवलाच. सँटा फेला जाऊन राहिला, फारसा कुणाच्या दृष्टीस पडला नाही. ५ डिसेंबर २०१० रोजी तो तिथेच गेला, बहात्तराव्या वर्षी. वार रविवार. दुसऱ्या दिवशी सोमवारचा सामना होता, न्यू इंग्लंड विरुद्ध जेट्स. चाळीस वर्षांपूर्वी मेरेडिथच्या पहिल्या सोमवारी जे खेळले होते तेच जेट्स. न्यू इंग्लंडने ४५-३ असा त्यांचा धुव्वा उडवला. मध्यंतरालाच त्यात काही उरलं नव्हतं. त्या रात्री टीव्ही किती वाजता बंद केला असं मी न्हाव्याला विचारलं, तर तो म्हणाला, "बंद कसला करतोय! गायचं होतं ना."