एल-वनची पोरं घेतलीच नाहीत तर एल-टू येणार कुठून?

हिंजवडी-खराडीतल्या कुठल्याही सॉकमधल्या माणसाशी बोला, विषय फिरून फिरून तिथेच येतो, एआयने एल-वनचं काम घेतलं तर पुढे काय. सॉक म्हणजे सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटर, कंपन्यांच्या सिस्टीमवरचे सायबरहल्ल्याचे अलर्ट चोवीस तास बघणारी टीम. एल-वन म्हणजे त्यातली पहिली पायरी, आलेला प्रत्येक अलर्ट आधी तपासणारी नवी पोरं, आणि एल-टू म्हणजे त्यांच्या वरची, अवघड केस बघणारी अनुभवी माणसं. नोकरीची भीती तर आहेच, पण मला जास्त घोर लागलाय तो शिकण्याचा.

एल-वनचं काम कंटाळवाणं असतं हे मान्य. रात्रपाळीला सीमच्या, म्हणजे सगळीकडचे लॉग गोळा करून अलर्ट देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या स्क्रीनवर अलर्टची रांग लागलेली असते आणि त्यातले बहुतेक फॉल्स पॉझिटिव्ह, खोटे इशारे. म्हणजे बघा, एकच माणूस पुण्यातून लॉगिन झाला आणि दहा मिनिटांत फ्रँकफर्टमधून, अलर्ट येतो, उघडून बघितलं तर कंपनीच्या व्हीपीएनचा (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायच्या सुरक्षित वाटेचा) गेटवे तिकडे आहे एवढंच. नोट टाका, बंद करा, पुढचा घ्या. पण असे ढिगाने अलर्ट बंद करतानाच नजर तयार होते हो, कोण कुठून, किती वाजता, कुठल्या लॅपटॉपवरून येतो हे डोक्यात बसतं, ते कुठल्याही कोर्समध्ये मिळत नाही.

मध्यंतरी असाच एक अलर्ट आमच्याकडच्या नव्या एआय टूलने स्वतःच बंद केला, व्हीपीएनमुळे, धोका नाही असं लिहून. आमच्याकडची लातूरची एक पोरगी, जॉइन होऊन वर्षही झालं नव्हतं, तिने तो परत उघडला, कारण तिचं म्हणणं होतं की हा माणूस अकाउंट्समधला आहे, कायम ऑफिसच्या डेस्कटॉपवरूनच येतो, याला व्हीपीएन दिलेलाच नाही. मेलबॉक्स तपासला तर एक नवा रूल बनवलेला, ज्या मेलमध्ये इन्व्हॉइस हा शब्द असेल ती थेट मेलबॉक्समधल्याच ‘आरएसएस फीड्स’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकायची आणि वाचलेली म्हणून मार्क करायची. तो फोल्डर कोण उघडतं? कुणीच नाही. म्हणजे आत बसलेला चोर सप्लायरशी परस्पर बोलून बँक खात्याचा नंबर बदलायच्या तयारीत होता. सेशन तोडले, पासवर्ड बदलला, क्लायंटला फोन केला, पैसे जायच्या आत सगळं थांबलं. मला त्या पोरीचा खूप अभिमान वाटला.

आणि त्याच सुमारास कळलं की पुढची फ्रेशर्सची बॅच घ्यायची नाही, टूल आलंय ना.

टूल वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही. गुंतागुंतीची पॉवरशेल स्क्रिप्ट (विंडोजला आदेश देणारा कोड) पहाटे तीन वाजता क्षणात उलगडून देतं, रिपोर्टचा कच्चा मसुदा लिहून देतं, फिशिंग मेलचे हेडर वाचून देतं, आमचे तास वाचतात. पण वाचलेले तास आमच्या हातात राहत नाहीत, माणसंच कमी होतात. पूर्वी एका अवघड केसनंतर चार सोप्या यायच्या, डोक्याला जरा उसंत मिळायची, आता सोपं सगळं टूल खातं आणि माणसाकडे उरतं ते फक्त अवघड, पूर्ण पाळीभर. त्यात सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २०२२च्या आदेशाप्रमाणे घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायचं, ते घड्याळ डोक्यावर असतंच.

आयएससी-टू या सायबरसुरक्षा व्यावसायिकांच्या संस्थेच्या २०२४च्या अहवालात जगभरात सुमारे ४८ लाख सायबरसुरक्षा कर्मचारी कमी आहेत असा अंदाज होता, आणि टंचाईचं पहिलं कारण माणसं मिळत नाहीत हे नव्हतं, बजेट नाही हे होतं. २०२५च्या मे महिन्यात क्राउडस्ट्राइक या अमेरिकन सायबरसुरक्षा कंपनीने साधारण ५०० जणांना काढलं, तेव्हा त्यांच्या सीईओंनी एआयमुळे भरती कमी लागते असं उघड सांगितलं. म्हणजे माणसं हवीत पण घ्यायची नाहीत, आणि आहेत त्यांनी ओढत राहायचं.

मशीनने अलर्ट दिला म्हणजे झालं असं ज्यांना वाटतं त्यांनी २०१३चं टार्गेटचं प्रकरण वाचावं. अमेरिकेतली एवढी मोठी दुकानांची साखळी, टूलने अलर्ट दिला होता, त्यांच्या बंगळुरूच्या टीमने तो मिनियापोलिसच्या मुख्यालयाला कळवलाही होता, तिथे वेळेत कुणी हललं नाही आणि ४ कोटी कार्डांचा डेटा गेला. अलर्ट खरा आहे हे ओळखून आत्ता उठा म्हणणारा अनुभवी माणूस लागतोच, आणि तो एल-वनमधूनच वर येतो.

म्हणून आमच्या टीममध्ये आता एक पद्धत चालू केलीये, टूलने बंद केलेल्या अलर्टमधले थोडे रोज ज्युनियरने परत उघडायचे, स्वतःचं मत आधी लिहायचं आणि मगच टूलची नोट वाचायची. सलग रात्रपाळ्याही कमी करून मागितल्यात. फ्रेशर्सची मागणी परत वर पाठवलीये, लातूरच्या पोरीने पकडलेल्या त्या केसचा सगळा रिपोर्ट जोडून. उत्तर अजून आलेलं नाही, पुढच्या रिव्ह्यूला परत विचारणार आहे.