एका हॉलचे तीन उजेड
आजची दुपार लोहार चाळीत, म्हणजे मुंबईतल्या दिव्यांच्या बाजारात, दिवे बघण्यात गेली. मधली भिंत काढल्यापासून आमचा हॉल, जेवणाचं टेबल आणि ओटा एकाच नजरेत येतात. म्हणून सगळीकडे सारखेच दिवे लावा, असं घरच्यांचं म्हणणं. मला ते अजिबात पटत नाही. ओट्यावर भाजी चिरायला ४००० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) स्वच्छ पांढरा उजेड हवा, सोफ्याकडे ३००० चा पिवळसरच छान वाटतो.

दुकानदाराने आईच्या पदरावर एकाच वॅटचे दोन दिवे धरले. सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ८० च्या दिव्याखाली लाल काठ विटकरी दिसला, ९० च्या खाली खरा लाल. आईने तिथल्या तिथे निकाल दिला!

लटकता दिवा फक्त टेबलावर, टेबलापासून साधारण ३० इंच वर, म्हणजे समोरच्याचा चेहरा झाकला जात नाही. छत नऊ फुटांचं, त्यात फॉल्स सीलिंगला उंची द्यायची माझी तयारी नाही. आणि पंख्याच्या पात्यांच्या वर दिवा नकोच, पंखा फिरला की सगळी खोली लुकलुकते. मुंबईत पंखा बंद कधी असतो?

तिन्ही भागांची बटणं वेगळी घेतोय. सोफ्याकडे उजेड कमी-जास्त करणारा डिमर लावायचाय, त्याला चालणारा एलईडी ड्रायव्हर (दिव्याला योग्य वीज पुरवणारा भाग) कुणी वापरला असेल तर जरूर सांगा.