वाळूज ते डर्बी: पहिला पगार येईपर्यंत साडेतीस लाख

आधी निकाल सांगतो, वृत्तांत मागून. छत्रपती संभाजीनगरहून चौघांचं बिऱ्हाड इंग्लंडात डर्बीला हलवायला आम्हाला साडेतीस लाख रुपये लागले. व्हिसाच्या सल्लागाराने वहीच्या पानावर लिहून दिलेला आकडा होता बारा. ते पान मी अजून जपून ठेवलंय.

मी वाळूजच्या एमआयडीसीत तेरा वर्षं डिझाइनचं काम केलं. बायको, सात वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा. २०२५ च्या जूनमध्ये अर्ज केला, ऑगस्टमध्ये इथे आलो. खालचे सगळे आकडे त्या काळातले आहेत. फी दरवर्षी वाढते, तेव्हा तुमच्या वेळचा आकडा ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः बघा, कुणाला विचारू नका. मलाही नाही. पासपोर्ट तयार आहेत, नोकरीचं पत्र हातात आहे, सीओएस (तिथली कंपनी देते ते प्रायोजकत्वाचं प्रमाणपत्र) म्हणजे काय ते माहीत आहे आणि फॉर्म स्वतः भरता येतो, एवढं धरून चालतो. जमत नसेल तर आधी ते शिका. दीडशे प्रश्नांचा फॉर्म आहे, पण एमपीएससीचा पेपर नाही.

आता तो घाट, ज्यात आमची गाडी अडकली.

कंपनीच्या पत्रात लिहिलं होतं की तुमचा व्हिसाचा खर्च आम्ही करू. मी ते वाचलं, बायकोने वाचलं, सल्लागाराने तर मोठ्याने वाचून दाखवलं. त्या वाक्यातला 'तुमचा' हा शब्द कुणीच नीट वाचला नाही. तुमचा म्हणजे माझा एकट्याचा. बायकोमुलांचं ज्याचं त्याने बघायचं. आणि त्यात मोठा खर्च व्हिसाच्या फीचा नसतोच. तो असतो इमिग्रेशन हेल्थ सरचार्जचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी घेतात त्या अधिभाराचा. मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, अठराच्या आतल्या मुलाला ७७६. तो दरवर्षी भरायचा नसतो. जितक्या वर्षांचा व्हिसा, तितक्या वर्षांचा सगळा एकदम, अर्ज करतानाच. भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही.

माझा व्हिसा तीन वर्षांचा. बायकोचे ३,१०५ पौंड, दोन मुलांचे ४,६५६. झाले ७,७६१. पौंड तेव्हा ११७ च्या आसपास होता, म्हणजे नऊ लाख आठ हजार रुपये. वर तिघांची व्हिसा फी, प्रत्येकी ७६९ पौंड, पावणेतीन लाखांना थोडे कमी. शिवाय तिथलं व्हिसा खातं बाजारभावाने पैसे घेत नाही. त्यांचा स्वतःचा रूपांतराचा दर असतो, तो चढा. त्यावर कार्डाचं परकीय व्यवहाराचं शुल्क. सगळं मिळून १२ लाख ४० हजार गेले, तेही व्हिसा मिळणार की नाही हे कळायच्या आधी. (व्हिसा नाकारला तर अधिभार परत येतो, फी येत नाही.)

वडील औशाजवळ शेती करतात. त्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "सरकारी दवाखाना म्हणालास ना? मग आजारी पडायच्या आधीच बिल कसं काय फाडायलेत?" मला उत्तर देता आलं नाही. अजून देता येत नाही. कारण एवढं भरूनही इथे मोठ्या माणसाला औषधाच्या प्रत्येक चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधामागे ९.९० पौंड द्यावे लागतात. मुलांना फुकट, तेवढं बरं.

नर्स असाल, केअरच्या क्षेत्रात असाल, आणि व्हिसा हेल्थ अँड केअर वर्गातला असेल, तर हा अधिभार तुम्हाला आणि तुमच्या माणसांनाही माफ आहे. लातूर-नांदेडकडच्या कितीतरी नर्स इकडे आल्यात, त्यांचा अनुभव ऐकून मी हिशेब मांडला होता. इथेच फसलो. दुसऱ्याच्या व्हिसाचा हिशेब स्वतःला लावू नका.

पैसे भरण्याचं नाटकही सांगतो. माझ्या डेबिट कार्डाची परदेशी व्यवहाराची मर्यादा दिवसाला दोन लाख. बँकेच्या शाखेत गेलो तर साहेब म्हणाले, अ‍ॅपमधून वाढवा. अ‍ॅप म्हणालं, शाखेत जा. तीन दिवस हेच. शेवटी पुण्यातल्या मावसभावाचं क्रेडिट कार्ड वापरलं आणि त्याला त्याच संध्याकाळी पैसे पाठवले. असा भाऊ नसेल तर अर्जाच्या महिनाभर आधी मर्यादा वाढवून घ्या आणि लहान रकमेचा एक परदेशी व्यवहार करून बघा.

कागदपत्रांच्या लुटीवर फार लिहीत नाही, पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. सल्लागाराने सहा कागदांचं अपोस्टिल (कागद परदेशात खरा मानला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का) करून घ्यायला लावलं. कागदामागे साडेआठ हजार, एकूण ५१ हजार. परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिलची फी एका कागदाला ५० रुपये आहे. बाकीचे मंत्रालयात हेलपाटे, कुरियर आणि त्यांचा नफा. तेही एकवेळ चाललं असतं, पण आमच्या व्हिसाच्या यादीत अपोस्टिल कुठे मागितलेलंच नव्हतं! लग्नाचं प्रमाणपत्र मराठीत होतं, त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर हवं होतं, बस. भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख, संपर्क. ते सहाशे रुपयांत झालं. ते सहा अपोस्टिल केलेले कागद इथे कपाटात आहेत, फार सुंदर शिक्का आहे. दुबई-कतारला जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी, तिथे दूतावासाचं प्रमाणीकरण लागतं. सल्लागाराने बहुतेक आखाताची यादीच आम्हाला चिकटवली.

टीबीची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच करावी लागते. आपल्याकडे मराठवाड्यात केंद्र नाही, आम्ही मुंबईला गेलो. देवगिरीने रात्री निघालो, सकाळी पोचलो, संध्याकाळी परत. लहान मुलांचा एक्स-रे सहसा काढत नाहीत, पण प्रमाणपत्र त्यांनाही लागतं, तेव्हा मुलांना घरी ठेवून जाऊ नका. प्रमाणपत्र सहा महिने चालतं. बोटांच्या ठशांसाठी पुण्याला गेलो. नगर रोडवर मुलाला दोनदा उलटी झाली. तिथल्या खिडकीवर प्रत्येक जण काहीतरी विकतो: एसएमएसची सेवा, आरामकक्ष, कागद स्कॅन करून देणं. कागद घरूनच अपलोड करता येतात, त्याला पैसे पडत नाहीत. सगळ्याला नाही म्हणा. मी दोनदा हो म्हणालो, कारण पोरगा रडत होता.

व्हिसा तीन आठवड्यांत आला. विमानप्रवास ठीक झाला. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

दुसरा खड्डा घराचा. इंग्लंडात अनामत पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, कायदाच आहे. ते वाचून मी निश्चिंत होतो. पण इथे आपली पत म्हणजे शून्य. वाळूजमध्ये तेरा वर्षं एकही हप्ता चुकवला नाही, त्याची इथे किंमत कवडीची. मग घरमालक म्हणतो, जामीनदार आणा, नाहीतर सहा महिन्यांचं भाडं आगाऊ. महिना ९५० पौंडांचं दोन खोल्यांचं जुनं घर. सहा महिन्यांचे ५,७०० आणि अनामत १,०९६. जवळजवळ आठ लाख रुपये एका फटक्यात, तेही मी अजून संभाजीनगरात असताना. नव्या कंपनीतल्या एकाने घर डोळ्यांनी बघून घेतलं म्हणूनच पाठवले. न बघता कुणालाही पाठवू नका. आता इथे भाडेकरूंचा नवा कायदा आलाय. १ मे २०२६ पासून एका महिन्याहून जास्त भाडं आगाऊ मागता येत नाही. म्हणजे तुम्ही माझ्यापेक्षा नशीबवान. पण जामीनदाराची अट राहणारच, तेव्हा कंपनी जामीन राहील का हे नोकरी स्वीकारतानाच विचारा. नंतर विचारलं की एचआर सुट्टीवर असतो.

याच पैशांवर माझी स्वतःची चूक, ८० हजारांची. परदेशी पाठवलेल्या रकमेवर एका आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर गेलं की बँक वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. (एप्रिल २०२५ च्या आधी ही मर्यादा ७ लाख होती.) ती माणशी असते, पॅनवर. मी घराचे ८ लाख आणि फॉरेक्स कार्डावरचे ६ लाख, दोन्ही माझ्याच पॅनवर केले. वरच्या ४ लाखांवर ८० हजार कापले गेले. ते ४ लाख बायकोच्या खात्यातून, तिच्या पॅनवर गेले असते तर एक रुपया कापला नसता. हे पैसे बुडत नाहीत, विवरणपत्र भरल्यावर परत मिळतात. पण ज्या महिन्यात मी मुलीचा हिवाळी कोट सेकंडहँड दुकानात शोधत होतो, त्या महिन्यात ते ८० हजार दिल्लीत होते.

दर विचारताना गूगलवरचा आकडा धरू नका. बँकेने मला पावणेतीन रुपये जास्त लावले, ६,७९६ पौंडांवर जवळपास १९ हजार. नंतर कळलं, शाखेत मोठ्या रकमेसाठी वेगळा दर मागता येतो, आणि परवानाधारक मनी चेंजर त्याहून कमी घेतात. तिघांना एकाच तासात फोन करा आणि एकाचा दर दुसऱ्याला सांगा. मोंढ्यात सोयाबीनचा भाव करताना आपण लाजत नाही, इथे कशाला लाजायचं?

पैसे कुठून आणले ते सांगतो, कारण सगळे तेच विचारतात. पंढरपूरजवळचा प्लॉट (वाळूजकडचा पंढरपूर, विठोबाचा नव्हे) १८ लाखांना विकला. ७ लाखांच्या ठेवी मोडल्या, ३ लाखांचं सोनेतारण, अडीच लाख काकांकडून. प्लॉट विकायचाच असेल तर निघायच्या आधी विका. एकदा अनिवासी झालात की घेणाऱ्याला तुमच्या पैशांतून मोठा टीडीएस कापावा लागतो, आणि ते ऐकलं की गिऱ्हाईक पळतं. शेतजमीन मात्र विकायची घाई करू नका. आहे ती अनिवासी झाल्यावरही ठेवता येते, पण नव्याने विकत घेता येत नाही. वडिलांनी माझ्या नावावरचे दीड एकर विकू दिले नाहीत, त्या वेळी मी चिडलो होतो.

मुलीचं सुकन्या खातं अनिवासी झाल्यावर चालू ठेवता येत नाही. पीपीएफ मुदतीपर्यंत चालतं, पुढे वाढवता येत नाही. बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं रुपयांतलं खातं, करून घ्या.

सोनेतारणाचं बायकोला अजून पटलेलं नाही. पाटल्या तिच्या आईच्या होत्या. तिचं म्हणणं, काकांकडून साडेपाच घ्यायचे होते. माझं म्हणणं, काकांचं व्याज तोंडाने नसतं, डोळ्यांत असतं. यावर मी सल्ला देत नाही.

सगळ्यात वाईट काळ ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरच्या शेवटापर्यंतचा. मी रुजू झालो तेव्हा ऑगस्टच्या पगाराची यादी बंद झाली होती, त्यामुळे पहिला पगार थेट सप्टेंबरअखेर. कौन्सिल टॅक्सचं (इथला घरपट्टीसारखा कर) पत्र आलं, वीज-गॅसचं आलं, टीव्ही नसताना टीव्ही परवान्याचंही आलं (तेव्हा १७४.५० पौंड; बघत नसाल तर तसं कळवा, भरू नका). गाद्या, भांडी, मुलांचे गणवेश. ६ लाखांचं फॉरेक्स कार्ड पाचव्या आठवड्यात १९० पौंडांवर आलं. त्या दिवसांत येसर आणि शेंगदाण्याच्या चटणीने वाचवलं, आईने तीन किलो बांधून दिली होती आणि मी विमानतळावर वजनावरून तिच्याशी भांडलो होतो. माझं स्पष्ट मत: चौघांसाठी, घरभाडं सोडून, तीन महिन्यांचा खर्च हातात नसेल तर कुटुंब बरोबर आणू नका. आधी एकटे या, खोली घ्या, दोन पगार बघा, मग त्यांना बोलवा. आम्ही एकत्र आलो ते भावनेच्या भरात. कदाचित आज पाय दुखत असताना लिहितोय म्हणून असं वाटत असेल, पण लिहून ठेवतो.

चांगलं काही? शाळा. सरकारी शाळा फुकट, इयर टू (आपली साधारण दुसरी) पर्यंतच्या मुलांना दुपारचं जेवणही फुकट, त्यामुळे आमच्या धाकट्याचं सुटलं. चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, मात्र आपल्याला लागू नाही, व्हिसावरच तशी अट असते. कुणी भरून देतो म्हणाला तर त्याच्या नादी लागू नका.

तीन वर्षांनी मुदतवाढ, आणि तेव्हा हा अधिभार पुन्हा पहिल्यापासून. ७,७६१ भागिले ३६, महिन्याला २१६ पौंड, आजच्या दराने, फी वेगळी. बायकोने इथल्या पाच मराठी घरांत भिशी सुरू केलीय. पहिला नंबर तिने मागितला नाही, शेवटचा मागितला.