आदण उतरेपर्यंत

दिवाळी झाली की आपल्या गावात गुऱ्हाळं पेटायची आणि तिथून पुढं शिमग्यापर्यंत आमचं अर्धं बालपण तिथंच जायचं. घरचा ऊस असू दे नाहीतर नसू दे, गुऱ्हाळावर आलेल्या पोराला तसंच पाठवायचं नाही ही आपल्याकडची रीत. रस प्यायचा, तांब्यातनं काकवी घरी न्यायची. पैसे तर लांबच, तू कुणाचा हे पण कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी लाईट गेली की आम्ही दप्तरं घेऊन थेट चुलवाणाजवळ, म्हणजे गुऱ्हाळाच्या मोठ्या चुलीजवळ. चुलव्या, म्हणजे जाळ घालणारा, चिपाडं सारत असायचा, त्या उजेडात आमचे पाढे चालायचे. काहिलीत, म्हणजे त्या मोठ्या कढईत, रस तापला की रानभेंडीचं पाणी पडायचं, मळी वर यायची, ती काढत राहायची, मग रसाचा रंग बदलत जायचा आणि बुडबुडे जड व्हायचे. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा जाणता माणूस, थोडा पाक गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघायचा. गोळी मनासारखी जमली की तो ओरडायचा आणि सगळे काहिलीला भिडायचे, आदण, म्हणजे काहिलीतला तो शिजलेला पाक, गार व्हायला वाफ्यात ओतलं जायचं. आज मी कंपनीत क्वालिटीला आहे, दिवसभर टेंपरेचरचे रीडिंग बघतो, आणि खरं सांगतो, कामाकडं इतकं लक्ष देणारा माणूस मी त्यानंतर फार थोड्या वेळा बघितला. त्या गुळव्यांना सही यायची नाही, खरं आमचा पाढा चुकला की हातातलं काम न थांबवता म्हणायचे, "पुन्यांदा म्हण रं."

2014 ला कोल्हापुरी गुळाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं ती बातमी वाचताना मला पहिल्यांदा त्यांचीच बोटं आठवली.

हंगामात वर्ग अर्धा रिकामा असायचा. गुरुजी चिडायचे नाहीत, सायकल काढून गुऱ्हाळावर यायचे, तिथंच हजेरी आणि तिथंच गणितं, आणि गणितं पण कसली तर तीस किलोचे रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा किती झाल्या, दर असा असला तर पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे किती येणार. गुरुजी सांगायचे, ज्या शाहू महाराजांनी 1895 ला शाहूपुरीची गुळाची पेठ वसवली, त्यांनीच 1917 ला प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा गूळ आणि शाळा यातलं एकही सोडायचं नाही. आम्हाला ते एकदम पटायचं.

घरी आई पहाटे म्हशीची धार काढून किटली दूध संस्थेत घालायची. दहा दिवसांचं बिल आलं की त्यातनं आधी वह्या, मग तेल-मीठ. हा क्रम तिनं कधी मोडला नाही, आणि आण्णांनीही त्यावर कधी शब्द काढला नाही. डब्यात भाकरी आणि खर्डा असायचा, बाई पण आमच्यात बसून तेच खायच्या, त्यामुळं आपल्याकडं काही कमी आहे हे आम्हाला कॉलेजला कोल्हापुरात जाईपर्यंत माहीतच नव्हतं.

तरी सगळंच छान होतं असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यात राधानगरीचे दरवाजे उघडले की भोगावती फुगायची, बंधारा पाण्याखाली जायचा आणि पलीकडच्या पोरींची शाळा बंद व्हायची. पावसाळा सरल्यावर बंधाऱ्यात बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या घालून दोन रांगांच्या मधी माती भरली जायची, पाणी अडायचं, वरनं वाट मोकळी असायची, खरं तोवर काहीजणींचं नाव शाळेतनं कमी झालेलं असायचं. त्यातल्या एक-दोघी वर्गात आमच्या सगळ्यांच्या पुढं होत्या. साध्या बालपणाचं कौतुक करताना मला त्या आठवतात, आणि आठवल्याच पाहिजेत.

आता पूल झालाय, पोरींना एसटीचा पास मोफत आहे, पोरी बारावीपर्यंत शिकायला लागल्यात. ज्यांनी आमच्यासाठी हे सगळं केलं त्यातले गुळव्या आणि गुरुजी आज नाहीत. आई आहे. शाळेची ही स्मरणिका आली की मी हे पान तिला मोठ्यानं वाचून दाखवणार आहे, कारण बारीक अक्षर तिला आता दिसत नाही.

आमच्या बॅचनं ठरवलंय की शाळेत संध्याकाळी पोरांना बसता येईल अशी एक अभ्यासिका करायची, इन्व्हर्टरसकट, म्हणजे लाईट गेली तरी अडायला नको. खोली शाळेनं दिलीय, रंगाचं काम मे महिन्यात धरलंय. पुढच्या-मागच्या बॅचमधल्या ज्यांना हातभार लावायचाय त्यांनी मुख्याध्यापकांकडं नाव द्या, पैसे नसतील तर रंग द्यायला या.