तुम्ही विचारलंत म्हणून: चार मित्र, एक गाडी आणि ऑस्ट्रेलियाचा मधला भाग

प्रश्न बहुतेक वेळा एकाच साच्यातला असतो. "आम्ही चार-पाच मित्र येतोय, बारा-तेरा दिवस हातात आहेत. मेलबर्न, सिडनी आणि मधलं वाळवंट, सगळं गाडीने होईल का?"

सगळं होणार नाही. त्यातला एक तुकडा मात्र गाडीनेच करण्यासारखा आहे: ॲडलेड, खाणींचं गाव कूबर पेडी, उलुरू हा वाळवंटातला प्रचंड तांबडा खडक, किंग्ज कॅन्यनची दरी आणि ॲलिस स्प्रिंग्ज गाव. मेलबर्नला उतरा, दोन दिवस राहा, विमानाने ॲडलेडला या, तिथे गाडी घ्या, ॲलिसला सोडा आणि विमानाने सिडनीला जा. गाडी एका शहरात घेऊन दुसऱ्यात सोडली की वेगळे पैसे पडतात आणि ते थोडेथोडके नसतात. तरी पंधराशे किलोमीटर उलटं येण्यातलं पेट्रोल, मुक्काम आणि दोन-तीन दिवस धरले तर हाच सौदा बरा. महिना मे ते ऑगस्टमधला. डिसेंबर-जानेवारीत सुट्ट्या असतात हे खरं, पण तेव्हा तिकडे पारा बऱ्याचदा चाळिशीच्या वर जातो आणि माश्या बोलताना तोंडात जातात.

आता मुख्य मुद्दा, ज्यावर बहुतेक बेत कोसळतात. नकाशा सांगतो ॲडलेड ते कूबर पेडी साधारण ८५० किलोमीटर, नऊ तास. म्हणजे जुन्या रस्त्याने मुंबई-नागपूर. रस्ता डांबरी, रिकामा, वेगमर्यादा ११०. मग एका दिवसात का नाही? कारण अंधार. जूनमध्ये ॲडलेडला सूर्य सव्वासातनंतर उगवतो आणि सव्वापाचच्या आत-बाहेर मावळतो. त्या दहा तासांतला पहिला आणि शेवटचा अर्धा तास कांगारूंचा. जेवण, पेट्रोल, पाय मोकळे करणं यात आणखी दीड-दोन तास जातात. उरले सात. त्यातही थोडा वेळ हाताशी राखायचा, म्हणून दिवसाला ५०० किलोमीटर ही वरची मर्यादा धरा.

अंधाराची भीती उगाच घालत नाहीये. कांगारू दिव्यांकडे बघत उभा राहतो आणि शेवटच्या क्षणी उडी मारतो, बऱ्याचदा तुमच्याच बाजूला. नॉर्दर्न टेरिटरीत, म्हणजे उलुरू आणि ॲलिस ज्यात येतात त्या प्रांतात, मैलोन्‌मैल कुंपण नाही, तेव्हा गुरंही रस्त्यावर येतात. दिवसा मेलेल्या कांगारूवर मोठे गरुड बसलेले असतात. ते पोट भरल्यावर जड होतात आणि उडायला वेळ लावतात, म्हणून लांबूनच वेग कमी करा. काहीही आडवं आलं तरी सरळ रेषेत ब्रेक दाबायचा, स्टिअरिंग फिरवायचं नाही. गाडी उलटते ती जनावराच्या धक्क्यापेक्षा या फिरवण्याने. शिवाय बऱ्याच भाडेकरारांत गावाबाहेर सूर्यास्तानंतर चालवलं आणि जनावर धडकलं तर विमा लागू नाही असं कलम असतं.

रानउंटही दिसतील. १८६० साली ऑस्ट्रेलिया दक्षिणेकडून उत्तरेकडे पार करायला निघालेल्या बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी उंट आणले ते कराची बंदरातून, आणि तेव्हाचं कराची मुंबई इलाख्यात होतं. ॲडलेड ते डार्विन धावणाऱ्या 'द घान' रेल्वेचं नावही उंटांबरोबर आलेल्या उंटवाल्यांवरूनच पडलेलं. त्यांना सरसकट अफगाण म्हणत. प्रत्यक्षात त्यांतले कित्येक बलुची, सिंधी, पंजाबी होते.

मुक्काम असे ठेवा. पहिल्या दिवशी पोर्ट ऑगस्टा (३१० किलोमीटर) मागे टाकून वूमेरापर्यंत. दुसऱ्या दिवशी कूबर पेडी, दुपारीच पोचाल. तिसऱ्या दिवशी टेरिटरीची सीमा ओलांडून अर्लडुंडा, साधारण ४९०. चौथ्या दिवशी सकाळी उलुरूजवळचं युलारा, २४५. तिथे दोन रात्री. मग किंग्ज कॅन्यन, ३००. शेवटी ॲलिस. किंग्ज कॅन्यनहून ॲलिसला मेरीनी लूप नावाचा जवळचा रस्ता दिसेल. तो कच्चा आहे, परवाना लागतो, आणि साध्या भाड्याच्या गाडीला कच्च्या रस्त्यावर विमा नसतो. आलात त्याच डांबरी रस्त्याने मागे फिरून हायवेला लागा, ४७० किलोमीटर गेले तरी चालतील.

गाडी चार जणांना मध्यम एसयूव्ही. पाचवा आला की मागे मधल्या जागेवरून रोज भांडण, आणि डिकीत पाण्याला जागा उरत नाही. फोर-बाय-फोर या मार्गाला लागत नाही, उगीच पैसे घालू नका. करारात तीन गोष्टी वाचा: रोजच्या किलोमीटरना मर्यादा आहे का (शहरात 'अमर्याद' असलेली गाडी टेरिटरीत तशी नसते), कोणकोण चालवणार त्यांची नावं, आणि अपघातात पहिली किती रक्कम तुमच्या खिशातून. नाव नसलेला मित्र चालवत असेल तर विमा नाही. डिपॉझिट मुख्य चालकाच्या स्वतःच्या क्रेडिट कार्डावर अडकवतात; फॉरेक्स कार्ड बहुतेक ठिकाणी चालत नाही. लायसन्सबरोबर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणा, दोन्ही मूळ प्रती.

ताब्यात घेताना स्टेपनी बघा. बारीक चाकाची असेल तर ८० च्या वर पळवता येत नाही, आणि पुढचं गाव दोनशे किलोमीटरवर असू शकतं. पूर्ण आकाराची मागा. जॅक वाळूत रुततो, त्याखाली ठेवायला फूटभर फळी डिकीत टाका. नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच.

पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरायचं, भाव बघायचा नाही. ग्लेंडॅम्बो ते कूबर पेडी अडीचशे किलोमीटरमध्ये पंप नाही. रोडहाऊस, म्हणजे हायवेवरचे पंप आणि खानावळी, संध्याकाळी बंद होतात, काही कायमचेही बंद पडतात, म्हणून आदल्या रात्री फोन करून खात्री करा. मध्य ऑस्ट्रेलियात पंपावर साध्या ९१ ऑक्टेन पेट्रोलऐवजी 'लो ॲरोमॅटिक' पेट्रोल दिसेल. पेट्रोल हुंगण्याचं व्यसन रोखण्यासाठी ते आणलं; साध्या पेट्रोल गाडीला बिनधास्त चालतं. पाणी माणशी रोजचं पाच लिटर, आणि वर २० लिटरचा एक कॅन ज्याला हात लावायचा नाही. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालायला लागू नका. विमानातून गाडी दिसते, माणूस दिसत नाही. सिम टेल्स्ट्राच्या नेटवर्कचं घ्या. तरी गावांच्या मध्ये तासन्‌तास रेंज नसते, म्हणून उपग्रहाला संकेत देणारा बीकन भाड्याने घ्या आणि चौघांनाही तो वापरायला शिकवा.

रोड ट्रेन म्हणजे ५३.५ मीटरपर्यंत लांब ट्रक. त्याला ओलांडण्याचा हिशोब करून बघा. तो १०० ने, तुम्ही ११० ने. पुढचं-मागचं अंतर धरून शंभर मीटर जास्त कापायचे तर ३६ सेकंद लागतात, तेवढ्यात तुम्ही अकराशे मीटर पुढे जाता. समोरून येणाराही तेवढंच अंतर कापतो. म्हणजे सव्वादोन किलोमीटर रस्ता मोकळा दिसायला हवा. टेरिटरीत १३० ची मर्यादा आहे तिथे तेच काम बारा सेकंदांत होतं, म्हणून घाई नसेल तर सीमेपर्यंत मागे राहा.

कूबर पेडीत जमिनीखाली राहा. ओपल या रत्नाच्या खाणकामातून आलेली ही घरं उन्हाळ्या-हिवाळ्यात तेविसेक अंशांवर असतात. खाणींच्या भागात फोटोसाठी उलटं चालत जाऊ नका. उघडे खड्डे असंख्य आहेत.

उलुरूवर चढणं २६ ऑक्टोबर २०१९ पासून बंद आहे आणि ते योग्यच झालं. पायथ्याभोवतीची १०.६ किलोमीटरची वाट चढण्यापेक्षा कितीतरी जास्त दाखवते. काही भागांत फोटो काढू नका अशा पाट्या आहेत, तिथे कॅमेरा खाली. उद्यानाचा तीन दिवसांचा पास माणशी ३८ डॉलर. जवळ राहायला फक्त युलारा, त्यामुळे तिथलं आरक्षण आधी आणि बाकी सगळं त्याभोवती. काटा त्जुटा या उलुरूजवळच्या घुमटाकार डोंगरांमधली 'व्हॅली ऑफ द विंड्स' वाट ३६ अंशांचा अंदाज असेल तर अकराला बंद होते, किंग्ज कॅन्यनची कड्यावरची सहा किलोमीटरची वाट नऊच्या आत सुरू करावी लागते. थंडीत ही अडचण नाही, पण रात्री पारा शून्याखाली जातो. टी-शर्ट भरून आलेले मित्र तिथे टोप्या विकत घेताना दिसतात.

खाणं. रोडहाऊसमध्ये बर्गर आणि बटाटे. शाकाहारी असाल तर पोर्ट ऑगस्टाच्या सुपरमार्केटात तांदूळ, डाळ, कांदे भरा. भारतातून आणलेला मसाला, लोणचं, भाजणी ऑस्ट्रेलियात शिरताना भरायच्या कार्डावर लिहा. दाखवलेलं फार तर काढून घेतात, लपवलेल्याला जबर दंड. पेढे-बर्फी दुधामुळे आणूच नका. मेलबर्नहून ॲडलेडला येताना पिशवीतली केळी-सफरचंदं विमानतळावरच्या डब्यात जातात, कारण साउथ ऑस्ट्रेलिया फळमाशीबद्दल कडक आहे.

कॉन्ट्री काढताना पेट्रोल आणि मुक्काम सोपे असतात. निघण्याआधी ठरवायचं ते दंडाचं आणि अपघाताच्या रकमेचं. माझ्या मते अपघाताची रक्कम चौघांत, वेगाचा दंड ज्याने पळवली त्याचा. सीटबेल्टचा गोंधळ वेगळा: मागच्याने लावला नाही तरी दंड चालकालाही होतो, आणि न्यू साउथ वेल्समध्ये आता कॅमेरेच ते टिपतात.

शहरांत गाडी घेऊच नका. मेलबर्नच्या मध्यात ट्राम फुकट आहे. गाडी असेल तर काही चौकांत उजवीकडे वळायला डाव्या कडेला जाऊन थांबावं लागतं, आणि तो प्रयोग पहिल्याच दिवशी नको. सिडनीत बँकेचं साधं कार्ड टेकवून ट्रेन, बस, फेरीबोट सगळं होतं; फक्त एका कार्डावर चौघं जाऊ शकत नाहीत, प्रत्येकाचं वेगळं लागतं. चढताना जे टेकवलं तेच उतरताना टेकवा, घड्याळ आणि कार्ड यांची अदलाबदल केली तर दोनदा पैसे कापले जातात. दिवसाच्या भाड्याला कमाल मर्यादा आहे आणि शुक्रवार ते रविवार ती आणखी खाली येते. मॅनलीच्या समुद्रकिनाऱ्याला जाणारी फेरीबोट रविवारी ठेवा, पण सकाळी लवकर. दुपारी रांग सर्क्युलर की या बोटींच्या धक्क्याच्या बाहेर येते.