सही नसलेल्या चित्राचा माग काढताना

आत्याच्या पश्चात तिचं एक तैलचित्र माझ्याकडे आलं. संध्याकाळचा नदीकाठ, दोन नावा, पलीकडे झाडांची रांग. सही कुठेच नाही. एकोणिसाव्या शतकातल्या एका नावाजलेल्या चित्रकाराचं ते आहे, असं घरात पिढ्यानपिढ्या सांगितलं जायचं.

आधी ते छापील नाही ना, याची खात्री केली. भिंगातून बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ती बहुतेक छपाईच. इथे तसं काही नव्हतं. अंधाऱ्या खोलीत टॉर्च एका बाजूने आडवा धरला, तेव्हा नावेच्या कडेला रंगाचा जाड थर आणि त्यात कुंचल्याच्या केसांचे चरे स्पष्ट दिसले.

मग चित्र उलटं केलं. खरी माहिती मागेच असते, असं माझं आता ठाम मत आहे. फ्रेमवर दुकानाचं लेबल होतं, पण फ्रेम पुढे कधीही बदललेली असू शकते, म्हणून त्यावर विसंबले नाही. कॅनव्हासच्या मागे मात्र तो विकणाऱ्या दुकानाचा पुसट शिक्का होता, पत्त्यासकट. अशी दुकानं जागा बदलत राहतात, त्यामुळे जुन्या व्यापारी सूच्यांमध्ये तो पत्ता शोधला की काळ बराच आवळता येतो. मागचा साधा आकडासुद्धा पुसू नये. व्हॅन गॉगचं फ्रान्समधल्या मोंमाजूरजवळच्या सूर्यास्ताचं चित्र सही नाही म्हणून १९९१ मध्ये नाकारलं गेलं होतं. २०१३ मध्ये त्याच्याच नावावर ते मान्य झालं, तेव्हा रंगांची तपासणी आणि त्याचं १८८८ मधलं पत्र यांच्या जोडीला मागे लिहिलेला १८० हा आकडाही पुरावा ठरला. त्याचा भाऊ थिओ याच्या संग्रहाच्या १८९० च्या यादीत तोच क्रमांक होता.

चित्र साफ करायचा मोह आवरला आणि ते चित्रसंवर्धकाकडे नेलं. अतिनील दिव्याखाली जुनं व्हार्निश हिरवट चमकलं आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात एक काळा डाग उठून दिसला. सही बहुधा तिथेच असते, त्यामुळे छातीत धडधडायला लागलं. पण तो फाटलेल्या जागेवर नंतर दिलेला रंग निघाला. खाली सही नव्हती.

निकाल लागला तो पांढऱ्या रंगावर. एक्स-रे फ्लुरोसन्स तपासणीत क्ष-किरणांनी रंगातली मूलद्रव्यं ओळखतात, नमुना खरवडावा लागत नाही. तिच्यात आकाशाच्या पांढऱ्यात टिटॅनियम सापडलं. टिटॅनियमपासून बनणारा पांढरा रंग, टिटॅनियम व्हाइट, १९२० च्या आसपास चित्रकारांच्या हाती आला. दुरुस्तीच्या रंगातही तो असू शकतो, म्हणून दिव्याखाली स्वच्छ दिसलेल्या मूळ भागांवर पुन्हा मोजणी करायला लावली. उत्तर तेच आलं. घरात सांगितलं जाणारं नाव तिथेच बाद झालं. वाईट वाटलं, पण संशय संपला याचं समाधान जास्त होतं.

त्यानंतर समोरून, मागून, कडांचे आणि फ्रेमशिवायच्या मापांसह फोटो त्या चित्रशैलीच्या जाणकाराला पाठवले. 'अमुक चित्रकाराचं', 'त्याचं असावं', 'त्याच्या कार्यशाळेतलं', 'त्याच्या शैलीतलं' अशा पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीगणिक किंमत उतरते. माझं चित्र शेवटच्या पायरीवर बसलं.

किंमत काढताना त्याच पायरीच्या, त्याच माध्यमाच्या आणि साधारण त्याच आकाराच्या चित्रांचे लिलावातले प्रत्यक्ष विक्रीचे भाव पाहिले. दुकानात मागितली जाणारी किंमत धरली नाही. मूल्यांकन लेखी घेतलं, तेही चित्र विकत घेण्यात रस नसलेल्या आणि ठरावीक शुल्क घेणाऱ्या माणसाकडून. किमतीच्या टक्केवारीवर शुल्क आकारणाऱ्यापासून लांबच राहावं. विम्यासाठीचा आकडा आणि विक्रीचा अंदाज वेगळे असतात. विम्याचा सहसा जास्त असतो, म्हणून दोन्ही वेगळे मागून घेतले.

विम्याच्या कागदावर आता 'अज्ञात चित्रकार, १९२० नंतर' अशी नोंद आहे. शिक्क्यावरचं दुकान त्या पत्त्यावरून कधी हललं ते कळलं की पुढची मर्यादाही लिहिता येईल. त्यासाठी जुन्या सूच्या चाळणं चालू आहे.